धवलराजेंची खांदेमळणी

२ फेब्रुवारी, रविवार

चहात केस निघाला. पांढरा, दोन इंच लांब. बोटाने काढला तर खाली दुसरा. चहा मोरीत ओतला.

अनुपमाने खराडीला फ्लॅट बदलला. नव्या घरमालकाला मांजर चालत नाही. म्हणून पोरीने 'पप्पा, फक्त महिनाभर' म्हणत आपला पर्शियन बोका आमच्या गळ्यात मारला, त्याला आज तीन महिने झाले. नाव व्हॅनिला. गावच्या विकास सोसायटीच्या माजी व्हाइस चेअरमनच्या घरात आइस्क्रीमच्या नावाचं जनावर. तोंड पाटाने हाणल्यासारखं चपटं. डोळ्यांतून सतत पाणी. आणि नजर अशी, की जणू मीच त्याच्या घरी राहायला आलोय. किळस येते.

ही डायरी खत कंपनीने फुकट दिली. यंदा रोज लिहिणार. जानेवारी गेला, हरकत नाही. प्रत्येक पानाखाली शेतकऱ्याला एक सल्ला छापलाय. आजचा : पिकाची नियमित पाहणी करावी.

३ फेब्रुवारी, सोमवार

फाट्यावर नवा फ्लेक्स. वीस फुटी. मधे माझा चुलतभाऊ बाळासो फेटा बांधून, शेजारी त्याचा बैल टर्बो. बैलगाडा शर्यतीच्या घाटात पहिला नंबर. खाली शुभेच्छुकांचे चाळीस फोटो, त्यात तिसऱ्या ओळीत मी. मला न विचारता. फोटो मिशी काळी असतानाचा, तेवढं बरं. पण बाळासोचं ते दात काढून हसणं बघवत नाही.

चैत्रात गावची यात्रा. यात्रेत गावाचं नाव मोठं करणाऱ्यांचा स्टेजवर सत्कार होतो. शाल, श्रीफळ, फेटा, माइकवर नाव. बाळासोचा सलग तीन वर्षं झाला. माझं नाव त्या माइकवरून शेवटचं पुकारलं गेलं, ते 'सर्जेरावांनी आपली गाडी रस्त्यातून बाजूला घ्यावी' यासाठी.

मला एकदा त्या स्टेजवर जायचं आहे. एकदाच. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

अनुपमाचा फोन. बोलता बोलता म्हणाली की सोळा मार्चला वाघोलीच्या एका लॉन्सवर कॅट शो आहे, ऑल इंडिया. तिच्या मनात होतं, पण तयारी करायला वेळ नाही. मी विचारलं, याला बक्षीस मिळू शकतं का. ती म्हणाली, पप्पा, त्याचे आईवडील दोघंही चॅम्पियन होते.

फोन ठेवून बोक्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. एक पाय आढ्याकडे करून स्वतःला चाटत होता. शिसारी आली. पण छाती रुंद आहे.

बाळासोचा बैल तालुक्यात पहिला. माझा बोका ऑल इंडियात.

निर्णय : बोका मी उतरवणार. अनुपमाने फक्त फॉर्म भरायचा. नाव बदलायचं. श्रीमंत धवलराजे. आईला सांगितलं. माझी आई साखरबाई, वय ब्याऐंशी, जीभ अजून पंचविशीची. म्हणाली, आरं मांजराला नाव कशाला लागतंय, त्याला काय सातबाऱ्यावर चढवायचाय व्हय? आईला व्हिजन नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

नदीपलीकडे केडगावला जनावरांच्या डॉक्टरकडे नेला. शोला लसीकरणाचं पुस्तक लागतं. आमच्या पुढे दोन म्हशी आणि एक गाभण गाय. डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत गाईत. मग त्याच हाताने, धुतला म्हणतात, मी पाहिलं नाही, त्यांनी धवलराजेंचं तोंड उघडलं. म्हशीवाला मला विचारतो, पाव्हणं, ह्ये दूध किती देतंय?

डॉक्टरांना पुढचा प्लॅन सांगितला. शो जिंकल्यावर धवलराजेंची जात वाढवायची, शिरूर आणि दौंड दोन्ही तालुक्यांत. डॉक्टर म्हणाले, ह्याचं ऑपरेशन झालेलं हाय, जातबित काय वाढायची न्हाई. गाईम्हशींच्या डॉक्टरला मांजरातलं कमीच कळणार.

संध्याकाळी अनुपमाने फोनवर खुलासा केला. विषय बंद.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

तयारी सुरू. बाळासो टर्बोला सकाळी पळवतो, नदीत पोहवतो, वर दूध, अंडी, उडीद चारतो. जनावर म्हणजे जनावर. पद्धत तीच ठेवणार, प्रमाण कमी.

सुती दोरी बांधून धवलराजेंना बांधावर नेलं. पळण्यासाठी. ते आडवे झाले. ओढले तर आडवेच ओढले गेले. पोटाला गोखरू चिकटले. ऊसतोडीच्या बायका कोयते खाली ठेवून बघत होत्या. एकीने विचारलं, मालक, मेलंय का वं त्ये?

पोहणं रद्द.

दूध, अंडी, उडीद दिले. संध्याकाळपर्यंत सगळं परत आलं. निम्मं माझ्या उजव्या चपलेत. पाय घातल्यावर कळलं.

आजचा सल्ला : निचऱ्याची व्यवस्था तपासावी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अनुपमाने कंगवे, शांपू आणि पावडर पाठवली. सोबत दोन पानी सूचना. डोळ्यांतली घाण रोज दोनदा पुसणे. कानातला मळ काढणे. आणि 'शेपटीखालचे केस एकदम स्वच्छ हवेत, जज तिथेही बघतात.' जज तिथे बघतात! शिकली-सवरलेली माणसं, विमानाने येतात आणि तिथे बघतात.

सुलक्षणाला सांगून पाहिलं. बायको म्हणाली, अहो, पोरगी लहान असताना तुम्ही एकदा तरी धुतलं का? आता धुवा. आईने नाकाला पदर लावला. शेवटी मी धुतलं. या हातांनी दोन आमदारांना हार घातले आहेत. पहिली आणि शेवटची वेळ.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा. आता त्याला सवय झाली आहे. 'धवलराजे' अशी हाक मारली की उठतो, माझ्याकडे पाठ करतो आणि शेपूट वर करून उभा राहतो. माणसाने मेहनत घेतली की जनावर शिकतं. वास मात्र शब्दांत लिहिता येणार नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

यात्रा कमिटीचे अध्यक्ष माऊली घरी आले होते. मी सत्काराचा विषय सहज काढला. ऑल इंडिया, वाघोली, गावाचं नाव वगैरे. नेमका त्याच वेळी धवलराजे हॉलच्या मधोमध बसून पाय वर करून सुरू झाले. माऊलींचा पोह्यांचा घास वाटेतच थांबला. म्हणाले, नंबर आला तर बघू, सर्जेराव. पर मांजरासाठी सत्कार गावात कवा झालेला न्हाई.

म्हणजे होकार. फक्त नंबर आणायचा राहिला.

पोह्यांत केस होता. माऊलींनी तो बशीच्या कडेला काढून ठेवला, पण बोलले नाहीत. मोठा माणूस.

४ मार्च, मंगळवार

फ्लेक्सवाल्या गोकुळकडे गेलो. मजकूर : ऑल इंडिया कॅट शोमध्ये प्रथम क्रमांक पटकावून गावाचे नाव देशाच्या नकाशावर नेल्याबद्दल श्रीमंत धवलराजे व त्यांचे मार्गदर्शक मा. सर्जेराव दादा यांचे हार्दिक अभिनंदन. फोटो माझा मोठा, त्यांचा मांडीवर. शुभेच्छुकांत बाळासो. तिसऱ्या ओळीत. त्याला न विचारता.

गोकुळ म्हणाला, दादा, निकाल लागू द्या की आदी. मी समजावलं की इलेक्शनला गुलाल आदल्या दिवशीच आणून ठेवावा लागतो. तो म्हणाला, गेल्या टायमाला सोसायटीच्या इलेक्शनला तुम्ही आणला हुता, दादा, तीन पोती, अजून गोडाऊनला पडल्यात. लोकांना नको तेवढं लक्षात राहतं. फ्लेक्स छापून गुंडाळून ठेवायचा आणि माझा फोन आला की लावायचा, असं ठरलं.

१० मार्च, सोमवार

दुपारी वजन तपासायचं म्हणून त्याला पोटावर घेतलं. चार किलो असावं. दीड तास तपासलं. पोटात काहीतरी घरघर वाजतं त्याच्या, इंजिन आयडलला ठेवल्यासारखं. झोपेत माझ्या बनियनवर लाळ गाळली. घाणेरडं जनावर. बनियन बदलायचा कंटाळा आला म्हणून तसाच बसलो.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

धवलराजेंना दिवसभर बेडरूममध्ये कोंडून मी दाराबाहेर काठी घेऊन बसलो. गल्लीतली पोरं रंग घेऊन हिंडत होती. एक थेंब लागू दिला नाही. शोचा नियम आहे, अंगावर कसलाही रंग चालत नाही. अनुपमाच्या कागदावर लाल अक्षरांत लिहिलंय. नियम पाळावेत तर मीच पाळावेत.

१५ मार्च, शनिवार. संध्याकाळ

अनुपमाच्या सूचनेप्रमाणे शांपू, मग हेअर ड्रायर, मग पावडर. मला चार ओरखडे. त्यातला एक नाकावर. पण काय रूप आलंय! कापूस.

तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. मग आठवलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण बैलाची खांदेमळणी करतो. खांद्यांना हळद आणि लोणी चोळतो, हात जोडतो, उद्याचं आवतण देतो. माझ्या वडिलांनी कधी चुकवली नाही. बाळासो तर प्रत्येक शर्यतीच्या आदल्या दिवशी करतो, आणि टर्बो पहिला येतो. पुण्यामुंबईच्या स्पर्धकांना ही गोष्ट कुठून माहीत असणार? इथेच आपण पुढे जाणार.

हळद घरची, लोणी ताजं. धवलराजेंच्या खांद्यांना दहा मिनिटं चोळलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. सुलक्षणा म्हणाली, अहो, हळद निघत नाही, माझी पांढरी साडी आठवा. आई उंबऱ्यातून म्हणाली, सर्ज्या, आरं त्यो काय नांगराला जुपायचाय? मी हात जोडून आवतण दिलं. थोडं भरून आलं.

रंगाबद्दल : हा रंग नव्हे, संस्कार आहे. खांद्यांवर सोनेरी झाक आली आहे. दिव्यात उठून दिसते.

१६ मार्च, रविवार. सकाळी ८.४०

कोरेगाव भीमा. ट्रॅफिक. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. धवलराजेंनी खांदे चाटून चाटून सगळं लोणी पोटात घेतलं होतं. ते आता बाहेर आलं. टोपली सुलक्षणाच्या मांडीवर होती. काच खाली केली की बाहेरचा धूर, वर केली की आतला वास. सुलक्षणा काहीच बोलली नाही. सत्तावीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, हे वाईट लक्षण आहे.

पुसायला काही नव्हतं. जजसाठी आणलेल्या फेट्याचं कापड वापरलं. शाल आणि नारळ शिल्लक आहेत.

सकाळी १०.१५

पोहोचलो. मंडपात शंभरेक मांजरं आणि त्यांचे मालक. शंभर मांजरांचा वास, वर सेंटचे फवारे. डोकं फुटायची वेळ. एक बाई मांजराच्या तोंडाला तोंड लावून 'मम्मा आली, मम्मा आली' म्हणत होती. एक बोका बाबागाडीत. एका मांजराला फ्रॉक, त्याला बो. एक तगडा माणूस, दंडावर वाघ गोंदलेला, मांडीवरच्या मांजराच्या नाकातलं टिश्यूने काढून त्याच हाताने सँडविच खात होता. कुणाला कसलीच घाण वाटत नाही. आम्हीही गुरं पाळली, पण गुरांचे मुके घेतले नाहीत.

सगळे आमच्याकडे वळून वळून बघतात. विशेषतः खांद्यांकडे. इम्प्रेशन पडलं आहे.

सकाळी ११.१५

काम फत्ते. जजबाई बेंगळुरूहून आलेल्या. आमचा नंबर येण्याआधीच जाऊन त्यांचा यथोचित सत्कार केला. रिंगमध्ये मदतीला उभी असलेली मुलगी मधे येत होती, पण मी बाजूने शिरून शाल बाईंच्या खांद्यावर टाकलीच. नारळ हातात दिला. बाई घाबरल्या, मग हसल्या. मीटिंगा आणि इलेक्शनं करून चेहरा वाचता येतो मला. हे हसणं पहिल्या नंबरचं.

गोकुळला फोन केला : लाव.

दुपारी १

जजबाईंनी शाल घडी करून टेबलावर ठेवली. धवलराजे गादीवर बसावेत तसे तिच्यावर जाऊन बसले. मला शुभशकुन वाटला. बाईंनी त्यांना उचललं, ताणलं, शेपटीखाली पाहिलं. तिथे काही दोष नव्हता, हे नोंदवून ठेवतो.

मग एक पांढरा टिश्यू काढला आणि खांद्यांवरून फिरवला. टिश्यू पिवळा. दुसरा काढला. तोही पिवळा. बाईंनी विचारलं, होळीचा रंग आहे का? मी म्हणालो, मॅडम, धुळवडीला एक थेंब लागू दिला नाही, ही हळद आहे. मग पूर्ण खांदेमळणी समजावून सांगितली. मराठीत, मग हिंदीत, शेवटी हात जोडून आवतण कसं देतात ते करून दाखवलं. त्या मुलीने इंग्रजीत भाषांतर केलं. तिने फार थोडक्यात केलं असं माझं मत आहे.

डिस्क्वालिफाय. कारण, अंगावर रंग. शिवाय जजला भेटवस्तू देणे, हे दुसरं कारण. शाल आणि नारळ परत हातात ठेवला. शालीवर केसच केस आणि हाताएवढा पिवळा डाग.

नियमावली बनवणाऱ्यांनी कधी बैल पाहिला नसावा.

दुपारी २.३०

अनुपमा आली. नवा ड्रेस घालून, फोटो काढायला. तिने बोक्याला उचललं, खांदे पाहिले, वास घेतला. पप्पा, काय केलंत हो याचं, एवढंच म्हणाली. मी सांगायला लागलो तर ऐकलं नाही. ती रडत होती. गर्दीत, सगळ्यांसमोर. मला वाटलं नंबर गेला म्हणून रडते. नंबरचं तिने विचारलंसुद्धा नाही.

त्याला घेऊन गेली. घरमालकाशी बोलते, नाहीतर मैत्रिणीकडे ठेवते, म्हणाली. त्याचा कंगवा गाडीत राहिला. हाक मारली तोवर रिक्षा गेली होती.

संध्याकाळी ५.३०

गोकुळला फोन करायचं राहून गेलं.

फाट्यावर वीस फुटी फ्लेक्स. खाली अर्धा गाव. बँजो पार्टी. आणि बाळासोचा जेसीबी. बकेटमध्ये झेंडूच्या पाकळ्या भरून बाळासो स्वतः वर चढलेला. गाडी थांबताच त्याने ओरडून सांगितलं की दादांनी घराण्याचं नाव काढलं, आणि सगळी बकेट माझ्या डोक्यावर ओतली. गुलाल गोडाऊनमधला. माझाच, सोसायटीच्या इलेक्शनचा. ओल धरून त्याचे गोळे झाले होते, ते लागतात.

पाकळ्या खाली बसल्यावर सगळे रिकाम्या टोपलीकडे बघायला लागले. मांजर कुठंय, असं माऊलींनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं की पुढच्या राऊंडसाठी पुण्यात थांबवून घेतलंय.

बँजो पुन्हा सुरू झाला. मला नाचवलं. सुलक्षणा गाडीतून उतरली नाही.

१७ मार्च, सोमवार

माऊलींचा फोन. यात्रेच्या सत्काराच्या यादीत नाव घातलं. बाळासोच्या वर.

विचार केला तर मी खोटं बोललेलो नाही. बोका पुण्यात आहे. थांबवून घेतलेला आहे. राऊंडचं तेवढं बघता येईल. पुढच्या वर्षी नवा शो असतोच.

२० मार्च, गुरुवार

शोमधल्या कुणीतरी व्हिडिओ काढला होता. मी जजबाईंच्या मागे शाल घेऊन पळतोय, मग पिवळा टिश्यू, मग मी हात जोडून बोक्याला आवतण देतोय. मागे लग्नातल्या हळदीचं गाणं. गावाच्या ग्रुपवर सकाळी सात वाजता आला. नऊपर्यंत दौंडच्या साडूने मलाच पाठवला, बघ तुझ्यासारखा कोण दिसतोय म्हणून.

माणसं नीच आहेत. हे आधीही लिहायला हवं होतं.

गोकुळ येऊन फ्लेक्स काढून घेऊन गेला. म्हणाला, पाठीमागची बाजू कोरी हाय, कुनाच्या तरी गोठ्याला व्हईल. बाळासोने मात्र एक शब्द काढला नाही. त्याला माझी दया आली असणार, त्याचीच जास्त किळस येते.

३० मार्च, रविवार. पाडवा

घर स्वच्छ आहे. चहात केस नाही, पोह्यांत नाही, बनियनवर नाही. वासही गेला. दुपारी शांत झोप लागायला हवी होती. पोटावर काही नसलं की हलकं वाटतं, झोप येत नाही. चहाची चवही गेली आहे. सुलक्षणाने पावडर बदलली असणार. ती म्हणते नाही बदलली.

अनुपमा फोनवर हो-नाही एवढंच बोलते. कंगवा पाठवून द्यायचा आहे. उद्या नक्की.

आजचा सल्ला : नवीन वर्षाचे नियोजन करावे.

७ एप्रिल, सोमवार

कंगवा राहिला. त्यात केस आहेत, ते काढून मगच पाठवावा असं वाटतं.

माऊली भेटले. यात्रेचा विषय मीच काढला. म्हणाले, तुमचं नाव हाय की स्टेजवर, काळजी करू नका. शेवटी कामाची दखल घ्यावीच लागते. एका व्हिडिओने माणूस संपत नाही. इस्त्रीला कपडे दिले. मनातल्या मनात चार वाक्यं जुळवून ठेवली आहेत. पहिलं वाक्य : मी निमित्तमात्र.

१२ एप्रिल, शनिवार. यात्रा. संध्याकाळी ७

कुस्त्यांच्या आधी पाच वाजता सत्कार. पुढच्या रांगेत बसलो. माइकवरून माझं नाव आलं. पूर्ण नाव, माजी व्हाइस चेअरमनसकट. गाडी काढण्यासाठी नाही. जिना चढताना 'मी निमित्तमात्र' म्हणत होतो.

वर गेल्यावर पुढचं वाक्य ऐकू आलं. तालुक्याचा मान टर्बो याचा सत्कार, सर्जेरावांच्या शुभहस्ते.

स्टेजला लागून फळ्यांचा उतार केला होता. त्यावरून बाळासो टर्बोला घेऊन वर आला. माऊलींनी माझ्या हातात शाल दिली. शाल ओळखीची वाटली. उलगडली तर पांढरे केस, दोन इंच लांब, आणि हाताएवढा पिवळा डाग. कमिटीने घरोघरच्या सत्काराच्या पडून असलेल्या शाली मागवल्या होत्या. सुलक्षणाने देऊन टाकली असणार. मला न विचारता.

बैलाच्या खांद्यांना सकाळचीच हळद होती. शाल टाकायला वाकलो आणि तो वास आला. हळद आणि लोणी. मला खरोखर रडू आलं. स्टेजवर, हजार माणसांसमोर, बैलाच्या खांद्यावर हात ठेवून. खालून कुणीतरी शिट्टी मारली, मग बरेच हसले. लोकांना वाटलं, नंबर हुकल्याचं दुःख.

बाळासो जवळ सरकला. मला वाटलं आता टोमणा. तो हळूच म्हणाला, दादा, तुमचं मांजार बरं हाय का? इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. त्याला म्हणालो, हो. मला माहीत नव्हतं.

फोटो काढले. सगळ्यांत बैल चांगला आलाय.

घरी येऊन अनुपमाला व्हिडिओ कॉल केला. बोक्याचं कसं आहे, एवढंच विचारलं. ती म्हणाली, मैत्रिणीकडून आणला कालच, घरमालक तयार झाला, आता इथेच राहील. तिने फोन त्याच्यासमोर धरला. गादीवर झोपला होता. मी हाक मारली, व्हॅनिला. कान हलवला नाही. मग हळू आवाजात म्हणालो, धवलराजे.

उठला. सावकाश वळला, माझ्याकडे पाठ केली आणि शेपूट वर करून उभा राहिला.

खांदे अजून पिवळे आहेत.